आधी अडॅप्टर बघा
तुमच्या नॅसमधली (नेटवर्कवर फाइली साठवायची डिस्कची पेटी) डिस्क लगेच डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेऊ नका. दिवा लुकलुकतो, डिस्क फिरायला लागते आणि सगळं बंद पडतं, असं लिहिलंय तुम्ही. माझ्या दोन डिस्कच्या नॅसचं हेच झालं होतं. मल्टिमीटरवर अडॅप्टर चक्क १२ व्होल्ट दाखवत होता! पण ते लोड नसताना, म्हणजे त्यावर काहीच चालत नसताना. ३.५ इंची डिस्क सुरू होताना एकेक जवळपास २ अँपिअर ओढते, तिथे म्हातारा अडॅप्टर मान टाकतो. प्लग काढून डिस्कवर १, २ नंबर टाका (कुठली कुठल्या खाचेत होती ते कळायला), त्या बाहेर ठेवून नुसतं नॅस लावून बघा. चाललं तर पहिला संशय अडॅप्टरवर. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तितके किंवा जास्त. पिन आणि प्लस-मायनसही जुळवा. आणि हो, नॅसने ‘इनिशियलाइझ करू का’ (म्हणजे डिस्क पुसून नव्याने तयार करू का) विचारलं तर अजिबात हो म्हणू नका.