मागच्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे?

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार. शनिवारची भूकंप-त्सुनामी कवायत ठरल्याप्रमाणे १० वाजता. अडचण एकच, वरच्या मैदानाकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या, म्हणजे हॉलमागच्या फाटकाची किल्ली सापडत नाहीये. मला मिळालेल्या पिशवीतल्या सातही किल्ल्या लावून पाहिल्या, एकही लागत नाही. शुक्रवारपर्यंत मिळाली नाही तर कवायत पार्किंगमध्येच उरकू. नाहीतरी ज्येष्ठांना त्या पायऱ्या झेपत नाहीत.

प्रेषक: तात्या (माजी सचिव)

पिशवीत आठ किल्ल्या होत्या. मोजून, यादीवर सही घेऊन दिल्या होत्या. आठवीला लाल दोरा होता. यादी कोणी हरवली ते मी बोलत नाही. पार्किंगला माझी हरकत नाही.

प्रेषक: माई

माझी हरकत आहे. पार्किंग हॉलपेक्षाही खाली आहे हो! पाणी येणार म्हणून पाण्याच्याच दिशेने उतरायचं?

सचिव, रागावू नका, पण जपानात कामाइशी शहराच्या उनोसुमाई भागात हेच झालं होतं. त्सुनामीसाठी नेमलेली जागा उंचावर होती. म्हाताऱ्यांना चढ नको म्हणून कवायती खालच्या आपत्ती निवारण केंद्रात व्हायच्या. ११ मार्च २०११ ला लोक सवयीने तिथेच गेले आणि पाणी त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शिरलं. शंभराहून जास्त माणसं गेली. त्याच भागातली शाळेची मुलं मात्र ठरलेल्या जागी पोचली, मागचा कडा ढासळताना दिसला, तशी तिथे न थांबता आणखी वर पळाली. ती वाचली.

आपण पार्किंगमध्ये कवायत केली तर खऱ्या वेळी सगळे पार्किंगमध्येच जमणार. हजेरी घ्यायला सोपं जाईल, एवढंच.

प्रेषक: खजिनदार

माईंचा मुद्दा मान्य, पण पायऱ्याच कशाला? सात आसनी गाड्या चार जणांकडे आहेत. भोंगा वाजला की ज्येष्ठांना बसवायचं आणि वरच्या रस्त्याने न्यायचं. गाड्यांची यादी मी करतो. (गेल्या वर्षीच्या सहलीची यादी पण मीच केली होती, हे नम्रपणे नमूद करतो.)

प्रेषक: नाना

त्याच सहलीत आपण पार्किंगच्या तोंडाशी पाऊण तास अडकलो होतो, तेही एकाही भूकंपाशिवाय. हलके घ्या.

जरा गंभीरपणे. भूकंप किनाऱ्याजवळच झाला तर पहिली लाट काही मिनिटांत येऊ शकते. तेवढ्यात सिग्नल बंद, रस्त्याला भेगा, आणि बाहेर पडायला वाट एकच. ज्यांना खरंच चालवत नाही त्यांच्यासाठी एखादी गाडी ठेवू, बाकी सगळे पायी. आणि भोंग्याची वाट बघायची नाही. जोरदार हादरा बसला किंवा जमीन वीसेक सेकंदांहून जास्त हलत राहिली, की तोच इशारा. थांबली की निघायचं.

भोंग्याचं म्हणाल तर हवाईतलं हिलो आठवा. मे १९६० मध्ये चिलीला ९.५ चा भूकंप झाला, लाट हिलोला पोचायला सुमारे पंधरा तास लागले. भोंगे काही तास आधी वाजले होते, पण ते ऐकून नेमकं काय करायचं हे अनेकांना उमगलं नाही. ६१ माणसं गेली.

प्रेषक: मावशी

नाना, वीस सेकंद मोजायचे कोणी? गेल्या खेपेला हादरा बसला तेव्हा मी अंघोळीला होते. साबण हातातून सुटला, बादलीतलं पाणी काठावरून सांडायला लागलं, आणि मी "रामराम" म्हणत किती वेळ उभी होते मलाच ठाऊक नाही. आमच्या ह्यांनी तेवढ्यात फोन उघडून किती रिश्टर ते बघितलं.

हो, आणि हादरा लहान म्हणून गाफील राहू नका. जपानात १५ जून १८९६ ला जमीन फार जोरात हललीच नाही, कोणी मनावर घेतलं नाही, आणि त्या लाटांत २२ हजारांच्या आसपास लोक गेले. हळू पण बराच वेळ हललं तरी निघायचं.

प्रेषक: भाऊ

हादरा बसला की दाराच्या चौकटीत उभं राहायचं ना? लहानपणी तसंच शिकवलं होतं.

प्रेषक: माई

नाही हो भाऊ. खाली बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, पाय धरून ठेवा. टेबलाचा पाय.

प्रेषक: एक सभासद

कृपया मला या यादीतून वगळा. तिसऱ्यांदा लिहितो आहे.

प्रेषक: दादा

एका गोष्टीवर कोणीच बोलत नाहीये. शनिवारी मराठी वर्गाची बावीस मुलं हॉलमध्ये असतात. खरंच काही झालं तर बावीस घरांतले आईबाप गाड्या घेऊन खाली येणार. मीही येईन, खोटं कशाला बोलू. ते थांबवायचं कसं?

प्रेषक: नाना

हा खरा प्रश्न. जपानी किनाऱ्यावर "तेंदेन्को" म्हणतात, ज्याने त्याने आपापलं उंचावर पळायचं, एकमेकांसाठी थांबायचं नाही. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण पोरं वर गेलीच असतील याची आईला खात्री असेल, तरच ती खाली येणार नाही. म्हणून शनिवारी पालकांनाही बोलवा. वर्गातून थेट वरच्या मैदानात मुलं कशी जातात ते त्यांना डोळ्यांनी बघू दे. मुलं तिथेच ताब्यात मिळतील, हॉलवर नाही.

आणि वर गेल्यावर पहिली लाट ओसरली म्हणून खाली यायचं नाही. १९६४ च्या अलास्काच्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत लोक दुकानं साफ करायला परतले, आणि चौथी लाट सगळ्यांत मोठी निघाली.

प्रेषक: खजिनदार

किल्ली मिळाली. प्रोजेक्टरच्या बॅगेत होती, लाल दोऱ्यासकट. कुलूप मात्र गंजलंय, तेल घालूनही फिरत नाही.

प्रेषक: तात्या

आठ झाल्या ना?

प्रेषक: सचिव

झाल्या, तात्या. पार्किंग रद्द. कुलूप आज संध्याकाळी कापतो, पुढे फाटकाला नुसती कडी. मावशी आणि ज्यांना चढायला वेळ लागतो ते रांगेत सगळ्यांत पुढे, प्रत्येकाबरोबर एक तरुण. चौथ्या पायरीवर शेवाळ आहे, कठडाही डावीकडे हलतो, तेव्हा उजवीकडून चढा. पालकांनी वरच्या मैदानातच यावं.

प्रेषक: खजिनदार

कडीची पावती ठेवा.