मदत हवी आहे: ऑटोमॅटिक पिकअपचा गिअर फार उशिरा पडतो

केळीबाग:
कुणीतरी लवकर सांगा, शनिवारी केळीची टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं आणायला गाडी लागणार आहे. जुनी ऑटोमॅटिक पिकअप आहे. दुसरा गिअर पडतच नाही. इंजिन नुसतं बोंबलतं आणि ४० च्या पुढे गेल्यावर एकदम धाडकन पडतो. तिसऱ्याचंही तेच. सावद्यात एकाला दाखवली, तो म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल. काय करू?

डिझेलदास:
कोणती गाडी, कोणतं साल, पेट्रोल की डिझेल, किती चालली? ज्योतिषालासुद्धा जन्मवेळ लागते हो.

खान्देशी पाव्हना:
भाऊ, गाडी कोनती शे ते तं सांग पहिले!

केळीबाग:
ऑटोमॅटिक आहे असं वर लिहिलंय ना. १९९६ ची, जपानी, पेट्रोल, चार गिअर. मामांनी आखातातून आणलेली. कंपनी सांगत नाही, मागच्या धाग्यावर 'कोणती कंपनी भारी' यावरच शंभर प्रतिसाद झाले होते.

उनाड स्टेअरिंग:
क्लचप्लेट गेली. माझ्या टेम्पोचं सेम झालं होतं. प्लेट बदला, मोकळे व्हा.

डिझेलदास:
ऑटोमॅटिकला पायाचा क्लचच नाही, तर तुमची ती प्लेट बसवायची कुठे? तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो तेलातून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देतो.

उनाड स्टेअरिंग:
आत क्लच असतात. माहीत नसेल तर दुसऱ्याला शिकवू नये.

जुना फिटर:
असतात, तेलात बुडालेले. पण ते घसरत असते तर गिअर पडल्यावरही रेस वाढली असती आणि गाडी पळाली नसती. तुमचं तसं होतंय का? आणि रेस देताना पाय थोडा उचलला तर गिअर लगेच पडतो का? ऑइल किती आहे, रंग कसा आहे? ऑइल मोजायची काडी बघताना इंजिन गरम आणि चालू हवं, गिअर पी (पार्किंग) मध्ये. बंद इंजिनवर बघितली तर पातळी चुकीची दिसते.

भुसावळकर:
मी तर म्हणतो मॅन्युअल गिअरबॉक्स टाकून घ्या. जळगावच्या अजिंठा चौफुलीला जुना माल मिळतो. आपल्याकडे ४५ च्या उन्हात ऑटोमॅटिक टिकत नाही. माझ्या साडूची कन्नड घाटात तापून बसली होती, दोन तास रस्त्यावर.

डिझेलदास:
आणि क्रॉसमेंबर, पेडल, प्रॉपेलर शाफ्ट कोण बदलणार, साडू?

केळीबाग:
घसरत नाही. पडला की मस्त पळते. पाय उचलला की लगेच पडतो, हो. ऑइल लाल आहे, काडीवर वरच्या खुणेला. जळका वास नाही.

तापीकाठ:
पॉवर मोडचं बटण दाबलेलं असेल. त्यात गिअर मुद्दाम उशिरा पडतात.

केळीबाग:
तसलं बटण नाही. फक्त ओव्हरड्राइव्हचं (चौथा गिअर चालू-बंद करायचं) आहे.

तापीकाठ:
अच्छा. गाडी १५ वर्षांच्या वरची आहे, ग्रीन टॅक्स भरलाय ना?

जुना फिटर:
ऑइल चांगलं, घसरत नाही, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायची घाई करू नका. या जुन्या गिअरबॉक्सला कॉम्प्युटर नाही. थ्रॉटलपासून एक बारीक वायर गिअरबॉक्समध्ये जाते, आम्ही तिला किकडाऊन वायर म्हणायचो. रेस द्याल तशी ती आतला व्हॉल्व्ह ओढते आणि तेलाचा दाब वाढवते. उलट बाजूने गव्हर्नर गाडीच्या वेगाप्रमाणे दाब देतो. गव्हर्नरचा दाब जिंकला की पुढचा गिअर पडतो. वायर ताणलेली असेल तर गिअरबॉक्सला वाटतं पेडल तळाला दाबलंय, म्हणून तो गिअर धरून ठेवतो. गव्हर्नर अडकला तरी उशीर होतो, पण मग पाय उचलून एवढा फरक पडत नाही. एक्सिलेटरला अलीकडे कुणी हात लावला होता का?

केळीबाग:
एक्सिलेटरची वायर महिन्यापूर्वी तुटली होती, फैजपूरला नवीन टाकली. पण त्याचा गिअरशी काय संबंध?

डिझेलदास:
🙏

खान्देशी पाव्हना:
हे पहिलेच सांगतास तं निम्मा धागा वाचता!

जुना फिटर:
दोन्ही वायरी थ्रॉटलला शेजारी शेजारीच असतात. फैजपूरच्या मेकॅनिकने किकडाऊनची वायर सोडून परत बसवताना ओढून बसवली असणार. इंजिन बंद ठेवून मुलाला पेडल तळाला दाबायला सांगा. बाहेरच्या नळीचं टोक आणि आतल्या तारेवर घट्ट बसवलेला छोटा मणी, म्हणजे खडा, यांच्यात एक मिलिमीटरच्या आत फट हवी. नळीचे दोन नट ढिले करून तेवढं जमवा. लवकर गिअर पडावा म्हणून जास्त सैल मात्र सोडू नका. दाब कमी पडला तर क्लच खरंच जळतील, मग सावद्यावाला बरोबर ठरेल.

भुसावळकर:
वायरने एवढा फरक? पटत नाही. ऑइल फ्लश करा, मशीनवर.

जुना फिटर:
पावणेतीन लाख किलोमीटर चाललेल्या गिअरबॉक्सला मशीनचा दाब देऊ नका, गाळ सुटून व्हॉल्व्हमध्ये जाईल. वाटलं तर तळ उघडून जाळी धुवा आणि निघेल तेवढंच तेल बदला.

डिझेलदास:
काका, पावणेतीन लाख कुठून आणले? त्यांनी किलोमीटर सांगितलेच नाहीत.

जुना फिटर:
१९९६ ची केळीतली गाडी आहे. अंदाज.

केळीबाग:
खडा तर नळीपासून बोटभर लांब होता! जमवला. आता दुसरा वीसला पडतोय, धक्काही नाही. तिसरा अजून थोडा उशिरा वाटतो. किमी २,८४,०००.

जुना फिटर:
आठवडाभर चालवा आणि मग तिसऱ्याचं सांगा. आता रोज नटाला हात लावू नका.

तापीकाठ:
अवांतर: फैजपूरला जाताच आहात तर बामणोदची भरिताची वांगी आली का बघा ना.