परदेशातून नंदुरबारच्या सुवार्तिकाला दरमहा मदत कशी पाठवावी?

प्रश्न

सर्वांना सप्रेम सलाम. मी मूळचा अहिल्यानगरचा असून गेली बारा वर्षे न्यू जर्सीत राहतो. आमच्या मराठी प्रार्थनागटातील सात कुटुंबांनी धडगाव परिसरातील एका स्थानिक सुवार्तिकाला, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकाला, दरमहा मदत करण्याचे ठरवले आहे. ते स्वतः पावरा समाजातले आहेत. ते पाड्यांवर पावरी बोलीत उपासना घेतात, संध्याकाळी मुलांना शिकवतात आणि कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेली की मागे राहिलेल्या वृद्धांची विचारपूस करतात. ही रक्कम थेट त्यांच्या बचत खात्यात जमा करावी काय? आमच्यापैकी चार कुटुंबांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे.

उत्तर १

कृपया थेट पाठवू नका. परकीय नागरिकाने धार्मिक किंवा सामाजिक कार्यासाठी दिलेला पैसा हा २०१० च्या परकीय योगदान (नियमन) कायद्याखाली येतो, आणि या कायद्याखालील नोंदणीशिवाय तो स्वीकारणे हा गुन्हा आहे. त्याची झळ तुम्हाला नव्हे, त्या सुवार्तिकांना बसेल. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान मानली जात नाही. मात्र सर्वांचे पैसे अमेरिकेतील चर्चच्या खात्यात एकत्र केले की ही सवलत उरत नाही.

म्हणून याच कायद्याखाली नोंदणीकृत असलेली संस्था शोधा आणि तिची नोंदणी धार्मिक कार्यासाठीही आहे ना, हे पाहून घ्या, कारण केवळ सामाजिक कार्यासाठी नोंदलेल्या संस्थेला या पैशातून सुवार्तिकाचे मानधन देता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते, आणि एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेकडे वळवणे पूर्णपणे बंद झाले आहे. त्यामुळे तुमचे सुवार्तिक ज्या संस्थेचे सेवक आहेत, तिचीच नोंदणी असायला हवी. प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे, हेही हिशेब वाचताना ध्यानात ठेवावे.

उत्तर २

कायद्याचे वरील उत्तर योग्यच आहे, परंतु मला काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची. आपल्या मराठी मंडळ्यांनी, म्हणजे स्थानिक चर्चनी, परक्या पैशाचा हा प्रश्न फार पूर्वीपासून अनुभवला आहे. अमेरिकन बोर्ड या परदेशी मिशनरी संस्थेचे रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले, तेव्हा स्थानिक मंडळीने आपल्या पाळकाचा भार आपणच उचलावा, हा त्यांचा आग्रह होता. तरीही पगार मिशनचा आणि म्हणून शब्दही मिशनचा, ही स्थिती पुढे दीर्घकाळ राहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला, त्यामागे ख्रिस्ती सेवा या मातीतली असावी ही तळमळ होती. त्याआधी १९०५ मध्ये सेरामपूर येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीनेही माणसे, पैसा आणि व्यवस्थापन भारतीयच असावे असे ठरवले होते.

याचा अर्थ मदत करू नये असा मुळीच नाही. पाड्यावरच्या मंडळीने मूठभर धान्य अर्पण केले तरी तो तिचा वाटा आहे, आणि तुमच्या रकमेमुळे तो वाटा थांबू नये, एवढेच माझे कळकळीचे सांगणे आहे. प्रवास, औषधे आणि मुलांची पुस्तके यांचा खर्च तुम्ही उचलावा. मानधनातील थोडा तरी भाग मंडळीकडे राहू द्यावा.

उत्तर ३

मी निवृत्त सुवार्तिक आहे. आमच्याकडे परदेशातून येणारी मदत एका वर्षी कोणतीही पूर्वसूचना न देता थांबली, आणि जूनमध्ये मुलांचे वसतिगृह उघडता आले नाही. त्या मुलांच्या घरी जाऊन ते सांगण्याची वेळ माझ्यावर आली होती. रक्कम लहान असली तरी चालेल, पण किती वर्षे देणार ते आधी लेखी कळवा, आणि थांबवायची झाल्यास वर्षभर आधी सांगा. सुवार्तिकांकडून दर महिन्याला फोटो मात्र मागू नका. गरीब माणसाला कॅमेऱ्यासमोर उभे करताना त्यांना फार संकोच वाटतो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. या रविवारी सातही कुटुंबांसमोर हे सारे वाचून दाखवीन. सुवार्तिकांच्या संस्थेकडे नोंदणीची माहिती मागितली आहे. ती मिळेपर्यंत पैसे पाठवणार नाही, आणि पाड्यावरची मंडळी काय उचलू शकते, हे त्यांनाच विचारीन.