धरणाच्या काठावर गळ टाकायला पावती कशाची?

गळकाका

रविवारी पहाटे साडेपाचला घर सोडलं. धरणाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे चाळीस गाड्या लागतील आणि मला टेकायला दगड उरणार नाही. पुण्यापासून दीड-दोन तास, एवढं पुरे.

पाणी उतरायला लागलंय, काठाचा गाळ भेगाळलाय. दोन रॉड लावले. कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि थोडी बडीशेप, माझं नेहमीचं. नऊपर्यंत चिलापीशिवाय (तिलापिया मासा) काही नाही. साडेनऊला एक चांगला सिप्रनस (कॉमन कार्प मासा) लागला, दोन किलोच्या पुढचा. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बारीक होती, म्हणून दहा मिनिटं खेळवत काठाला आणतोय, तोच मागे मोटारसायकल थांबली.

"पावती काढली का?"

"कसली?"

"मच्छीमार संस्थेची. गळाला तीनशे."

दोन गळ, म्हणजे सहाशे. पावतीपुस्तक दाखवा म्हटलं, तर म्हणे फोनवर पाठवा, पुस्तक लागत नाही. देत नाही म्हटलं, तर रॉड ठेवून जा. घासाघीस करून तीनशेवर तुटलं, आणि मासा त्याच्या पिशवीत गेला!

आता माझं म्हणणं. धरण सरकारचं, बुडीत जमीन सरकारने संपादित केलेली, पाणी सगळ्यांचं. संस्थेचा ठेका जाळी लावून मासे धरून विकण्याचा. मी वर्षभरात घरी नेतो ते मासे दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. काठावर बसायचे पैसे कोणत्या हिशेबाने? गळवाल्यांकडून संस्थांनी एक रुपयासुद्धा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेगळं मत असेल तर मांडा, पण गेल्या वेळेसारखी शिवीगाळ नको.

भोईवाडा

काका, तो तुमच्याशी उर्मट वागला, मासाही घेऊन गेला, ते चुकलंच. पण "एक रुपयासुद्धा नाही" हे वाचून राहवलं नाही. माझे वडील अशाच एका संस्थेचे सभासद आहेत. तुमच्या धरणावरची नाही, दुसरी.

ठेक्याची रक्कम भरावी लागते, मासे निघोत न निघोत. त्यावर बीज, म्हणजे धरणात सोडायची माशांची पिल्लं. बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून टेम्पोने येते. पिशवी आणली आणि ओतली असं नसतं. आधी बंद पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार झालं की तोंड सोडायचं, नाहीतर पिल्लू तिथेच उलटं होतं. मी शाळेत असल्यापासून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हे केलंय. वर पाणकावळे टपलेले असतातच.

तुम्ही शहरातले लोक म्हणता, मासा निसर्गाचा. कटला आणि रोहू आपल्या नद्यांतले मूळचे नाहीतच, गंगेकडचे. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते वीतसुद्धा नाहीत. धरणात कटला दिसतो तो कुणीतरी पैसे मोजून सोडलाय म्हणून. तुम्ही दहा नेता, कबूल. तुमच्यासारखे रविवारी किती बसतात?

आणि पैशापेक्षा जास्त झोंबतं ते वेगळंच आहे. गेल्या शिमग्याच्या आसपास वडिलांनी संध्याकाळी जाळी लावली. पहाटे ओढली तर मधोमध हातभर चौकोन कापलेला. फाटलेला नाही, कापलेला, ब्लेडने. कडेला तुमच्या त्या हिरव्या तंगूसचा वीतभर तुकडा लोंबत होता. कुणाचा तरी चारशे रुपयांचा लुअर (खोटं आमिष) अडकला असणार, तो सोडवायला त्याने आमचं जाळं कापलं. वडील दोन दिवस ओट्यावर बसून, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून ते भोक विणत होते. एक शब्द बोलले नाहीत. मी असतो तर बोललो असतो.

गळकाका

जाळं कापणारा नालायकच, त्यावर वाद नाही. मीही काठावर हाक मारून "जाळी कुठं आहेत हो?" विचारल्याशिवाय टाकत नाही.

पण एक सांगा. माझा सिप्रनस होता. तो साचलेल्या पाण्यात झकास वितो. चिलापी तर कुणी मागूनही सोडत नाही, आपणहून पसरली आहे. मग त्याचे तीनशे कशाचे?

भोईवाडा

गळ टाकताना पाण्यात पाटी लावता का, "फक्त सिप्रनससाठी"?

कलमबहाद्दर

हा टोला आवडला. वकिली करतो, म्हणून थोडं बोलतो.

दोघेही "मालकी" हा एकच शब्द वापरून तीन वेगळ्या गोष्टी बोलताय. एक, पाणी आणि तळ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले, तलाव, ज्यावर कुणाची खासगी मालकी सिद्ध नाही ते सगळं राज्याचं. पण राज्याचं म्हणजे "ज्याला वाटेल त्याने यावं" असं नव्हे. तहसील कार्यालय पण राज्याचंच आहे, तिथे तुम्ही गळ टाकत नाही.

दोन, मासे. नदीत मोकळा फिरणारा मासा पकडेपर्यंत कुणाच्याच ताब्यात नसतो, त्यामुळे त्याची चोरी होत नाही. बंदिस्त तळ्यातला पाळलेला मासा मात्र तळेवाल्याच्या ताब्यातला, तो नेला तर सरळ चोरी. धरण या दोहोंच्या मधलं प्रकरण. तिथे ठेक्यात काय लिहिलंय ते बघावं लागतं. गळाचं शुल्क घ्यायची मुभा असेल तर छापील पावती मागायचा हक्क तुमचा. नसेल तर तीनशे गेले ते वर्गणी समजा.

तीन, काठ. "अतिक्रमण, अतिक्रमण" म्हणून ओरडतात, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये नुसतं पाऊल टाकणं पुरत नाही. गुन्हा करायचा किंवा ताबेदाराला धमकवायचा, अपमान करायचा, त्रास द्यायचा उद्देश लागतो. मात्र "निघा" म्हटल्यावर मुद्दाम अडून बसलात, तर तो उद्देश दाखवणं समोरच्याला सोपं जातं.

रॉड ठेवून घेणं? ठेकेदार म्हणजे मत्स्यव्यवसाय अधिकारी नव्हे. तो अधिकार त्याला नाही. संपलं.

गंमत म्हणून सांगतो, १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात कलम ४ खाली एक उदाहरण आहे. घरमालकाला घरच्या वापरापुरते दुसऱ्याच्या तळ्यातलं पाणी किंवा मासे घ्यायचा हक्क असू शकतो, आणि त्या "घरच्या"त पाहुणे आणि नोकरही मोजलेत! पण तो हक्क तळ्याशेजारच्या जुन्या वहिवाटीच्या घराचा. कोथरूडच्या फ्लॅटला लागू नाही.

माळावरचा

वकीलसाहेब, उद्देश-बिद्देश कोर्टात ठीक. माझ्या शेततळ्यावर या.

संगमनेरच्या बाजूला आमची कोरडवाहू. शेततळं खोदलं, कागद अंथरला, डाळिंबाला पाणी साठवलं. जोडीला थोडे मासे सोडले, खर्च निघावा म्हणून. तारेचं कुंपण आहे. तरी दोन पोरं तार वाकवून आत आली. गळ अडकला म्हणून उतारावर उतरली. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, शेततळ्याच्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं. एकदा पाय घसरला की वर चढता येत नाही, धरायला काही नसतं. पोहणारासुद्धा दमून बुडतो. मी कडेला गाठी मारलेला दोर कायम सोडून ठेवतो, त्याला धरून त्यातलं एक पोर वर आलं. त्याच्या पायातल्या सँडलने कागद टरकला तो वेगळाच. आठ दिवसांत पाणी दोन हात खाली.

पोरांना बोललो नाही, हातपाय कापत होते त्यांचे, चहा पाजला. पण त्यांचा बाप संध्याकाळी येऊन मलाच म्हणतो, "तळं उघडं का ठेवलं?" आता बोला.

लेस्टरहून

इंग्लंडमध्ये सोळा वर्षं आहे, गळाचा नाद सांगलीहून घेऊन आलो. इथे १३ वर्षांपुढच्या प्रत्येकाला रॉडचं सरकारी लायसन्स लागतं. ते खिशात असलं तरी पाणी खासगी असेल तर तिथल्या क्लबचं वेगळं तिकीट. नद्यांत १५ मार्च ते १५ जून आमचे बहुतेक मासे बंद. मासा काढला की ओल्या गादीवर ठेवायचा, गळ काढायचा, फोटो, परत पाण्यात. काठावर तंगूसचा तुकडा सापडला तर दुसऱ्याचा असला तरी उचलायचा. शुल्क, पावती, नियम असं स्वच्छ ठेवलं की भांडण होत नाही. आपल्याकडे हे का जमू नये?

चढणीचीवाट

दादा, तिकडचं तिकडे. मला एक कधीच कळलं नाही. खायचा नाही तर माशाच्या तोंडात गळ घालता कशाला? त्याला ओल्या गादीवर निजवून फोटो काढायला? माझी आजी म्हणाली असती, "पोटासाठी मारला तर पाप नाही, खेळासाठी छळला तर आहे."

आम्ही रायगडच्या. पहिला पाऊस पडला की मासे ओढ्यांतून शेतात चढतात. घरातलं कुणी घरात राहत नाही, टोपली, साडी, मच्छरदाणी, जे हाताला लागेल ते. पण आजीचा एक नियम होता, वाट अडवायची नाही. ओढ्याच्या एका अंगाला धरायचं, दुसरं अंग मोकळं. पोट गाभोळीने (अंड्यांनी) फुगलेले मासे वर गेलेच पाहिजेत, नाहीतर पुढल्या वर्षी काय धरशील?

आता पनवेल-मुंबईहून गाड्या येतात आणि पूर्ण ओढ्याला जाळं आडवं लावतात. आवणाचे (भातरोपांच्या शेताचे) बांध तुडवतात, बाटल्या टाकतात. विचारलं तर, "ओढा काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे का?" नाही. पण लावणीचं शेत आहे.

महाडजवळ वाळण कोंडीला जाऊन बघा. डोहातले मासे देवीचे, कुणी हात लावत नाही, हे मोठाले मासे चुरमुऱ्याला वर येतात. लायसन्स नाही, पावती नाही, राखणदार नाही.

लेस्टरहून

ताई, आजीचा "वाट अडवायची नाही" हा नियम आमच्या तीन महिन्यांच्या बंदीपेक्षा शहाणा आहे, मान्य. पण तो पाळायला आजी लागते. पनवेलहून आलेल्याला आजी कुठून आणणार? तिथे पावतीच लागते.

चढणीचीवाट

आजी गेली. तेवढं मान्य.

डोंगरकडा

गळवाले आणि संस्था, दोघांचं चाललंय ते बघतोय. कातकऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही. धरण झालं तेव्हा नदीकाठच्या वाड्या उठल्या, संस्था स्थापन झाल्या तेव्हा सभासदांच्या यादीत त्यांची नावं नव्हती. आज कातकऱ्याचं पोर हाताने खडपातला खेकडा धरतं तर मोटारसायकलवाला त्यालाही हाकलतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे, कलम ३(१)(घ). पण दावा कोण भरणार आणि नकाशा कोण काढणार? काकांचे तीनशे गेले, वाईट झालं. त्या पोराचं जेवण जातं.

मुळशीचं आठवतं का? तिथलं धरण टाटांचं, सरकारचंसुद्धा नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत लोक सत्याग्रहाला बसले होते. जमिनी गेल्याच. आणि आज त्याच काठावर कुणी विचारतो, "पाणी सगळ्यांचं ना?"

गाळपेरवाला

काकांनी लिहिलं, काठाचा गाळ भेगाळलाय. काका, तो गाळ आमचा आहे. म्हणजे कागदावर नाही, धरणग्रस्तांना पाणी उतरल्यावर पेरायला मिळतो तेवढाच. हरभरा, गहू, कुठे कांदा. पाणी हातभर खाली गेलं की हातभर पुढे पेरायचं. रविवारी येणारे थेट पाण्यापर्यंत गाडी नेतात. कोंब बोटभर असतात, गाडीतून दिसत नाहीत. मग चाकाच्या दोन सरळ रेषा हिवाळाभर दिसत राहतात.

गळकाका

हे मला खरंच माहीत नव्हतं. गाडी मी वर सडकेलाच लावतो, पण चालत त्या गाळातूनच गेलो असणार. तिथे काही हिरवं दिसलं होतं, मला वाटलं गवत.

बरं, इतकं ऐकल्यावर "एक रुपयासुद्धा नाही" हे मागे घेतो. पण पूर्ण नाही. बीज सोडता, ठेका भरता, मग शुल्क घ्या. पुस्तक छापा, त्यावर संस्थेचं नाव आणि शिक्का हवा, जाळी कोणत्या अंगाला आहेत ते मागच्या बाजूला लिहा, गाळात पेरलंय तेही लिहा. मी आनंदाने देईन. फोनवर कुणाच्या मेहुण्याच्या खात्यात मात्र देणार नाही. आणि मासा द्यायचा नाही म्हणजे नाही.

भोईवाडा

पुस्तकाचं आमच्या संस्थेतही निघालं होतं. म्हातारे म्हणाले, पुस्तक छापलं की हिशेब आला, हिशेब आला की ऑडिट आलं. तिथेच बसलं ते. सर्वसाधारण सभेत परत काढतो. पण तीनशे जास्त आहेत, हे मात्र माझंही मत. आमच्याकडे शंभरावर लोक खूश असतात, दोन कटले गेले तरी वसूल.

तुम्ही आमच्याकडे या एकदा. शनिवारी या, रविवारी नको. पूर्वेच्या अंगाला बसा, जाळी सगळी पश्चिमेला असतात. वडिलांना बडीशेपची कणीक दाखवा, ते हसतील. ते नुसत्या गांडुळावर तुमच्या दुप्पट काढतात.

कलमबहाद्दर

ऑडिटच्या भीतीने पावती न देणारी संस्था! हे वाक्य मी फ्रेम करून लावतो.

नवागत_७७

छान चर्चा. काका, नेमकं कोणतं धरण ते सांगाल का? पुढच्या रविवारी आम्ही आठ-दहा जण निघतोय.

गळकाका

नाही.