शब्दचर्चा : 'इच्छामरण', 'दयामरण' आणि 'सामाजिक असंतोष'

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटासाठी ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहातल्या एका सदस्याच्या भाषणांचा मराठी गोषवारा करायला घेतलाय. विषय दोन. पहिला, २०२४ च्या उन्हाळ्यात तिकडे उसळलेल्या दंगली. २९ जुलैला साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली, हल्लेखोर कोण याबद्दल खोटी माहिती मोबाइलवर पसरली आणि गावोगाव दगडफेक, जाळपोळ झाली. दुसरा, मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला मरणासाठी वैद्यकीय मदत द्यावी का, त्याबद्दलचं विधेयक. मी लिहिलंय : 'सामाजिक दंगली आणि इच्छामरण या विषयांवरील चर्चांमध्ये सदस्यांनी मोलाचे योगदान दिले.' वाचताना खटकतंय, पण नेमकं काय ते सापडेना.

उत्तर १ (शाहूपुरी, वकिली करतो)

ताई, सोपं ते आधी उरकतो. 'योगदान' काढा. आपल्या विधानसभेच्या बातम्यांत आमदार 'चर्चेत भाग घेतात', 'चर्चेत बोलताना म्हणतात'. योगदान सहकारात असतं, स्वातंत्र्यलढ्यात असतं. भाषण मोलाचं होतं का, ते वाचणारा ठरवेल.

आता 'सामाजिक दंगली'. दंगल म्हणजे घडलेली घटना. दगड पडले, गाड्या पेटल्या, पोलिसांनी 'गैरकायद्याची मंडळी जमवून' अशी फिर्याद लिहिली, की ती दंगल. तुमचा सदस्य जर त्यामागच्या कारणांवर बोलत असेल, म्हणजे घरांची टंचाई, बेकारी, आपलं कुणी ऐकत नाही ही भावना, तर तो दंगलीवर बोलत नाही, असंतोषावर बोलतोय. आणि लोक घाबरलेत, दुकानं बंद आहेत, तणावपूर्ण शांतता आहे, एवढंच सांगायचं असेल तर ती अशांतता. ही तीन वेगळी दुखणी आहेत.

'असंतोष' या शब्दाला मराठीत मोठा इतिहास आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने १९१० साली हिंदुस्थानातल्या अशांततेवर पुस्तक लिहिलं आणि टिळकांना त्या अशांततेचं जनकत्व दिलं. त्याला तो ठपका ठेवायचा होता. टिळकांनी लंडनला जाऊन त्याच्यावर बदनामीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते हरले. पण मराठी माणसाने तो शब्द 'असंतोष' असा केला आणि 'भारतीय असंतोषाचे जनक' ही पदवी झाली. कारण मराठीत असंतोषाला कारण असतं, तो उगाच होत नाही. 'अशांततेचे जनक' म्हटलं असतं तर ती शिवीच राहिली असती. त्याच पुस्तकात 'पुणे आणि कोल्हापूर' असं एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे आपल्या गावाचं या शब्दाशी नातं जुनं आहे.

म्हणून शब्द निवडताना जपा. 'असंतोष' लिहिलात की बोलणाऱ्याने दंगेखोरांची बाजू समजून घेतली असा अर्थ निघतो. 'दंगल' लिहिलात की त्याने फक्त निषेध केला. भाषणात दोन्ही असेल तर दोन्ही शब्द लिहा, पण आपापल्या जागी.

कायद्याचा एक मुद्दा गोषवाऱ्यात हवाच. तिकडच्या १९८६ च्या कायद्यात 'दंगल' ठरायला किमान १२ माणसं लागतात. ३ माणसांनी हिंसा केली तर तो वेगळा, खालचा गुन्हा. २०२४ मध्ये अनेकांना शिक्षा झाली ती या खालच्या गुन्ह्याखाली. आपल्याकडे ५ जणांचा बेकायदा जमाव झाला आणि त्यातल्या कुणी बळ वापरलं की दंगा. म्हणजे दोन्हीकडे 'दंगल' लिहिलं तरी मोजमाप एक नाही.

उत्तर २ (कसबा बावडा, पूर्वी पत्रकारिता)

वकीलसाहेबांचं पटलं. मला 'इच्छामरणा'बद्दल बोलायचंय, कारण तो शब्द आपल्या जिल्ह्यात रोज वापरात आहे आणि त्याचा लॉर्ड्समधल्या विधेयकाशी काडीचा संबंध नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयात येणारी निवेदनं आठवा. जमीन संपादनाचा मोबदला नाही, पुनर्वसन रखडलंय, पेन्शन अडकलीय. खाली शेवटचं वाक्य : 'न्याय मिळत नसेल तर आम्हाला इच्छामरणाची परवानगी द्यावी.' अशी निवेदनं हातात घेऊन मी बातम्या केल्यात. त्या माणसाला मरायचं नसतं. त्याला त्याची जमीन हवी असते, पगार हवा असतो. तिथे 'इच्छामरण' ही असंतोषाची भाषा आहे, 'आत्मदहनाचा इशारा' या शब्दांच्या शेजारी बसणारी. ताईंच्या गोषवाऱ्यातले दोन्ही विषय आपल्याकडे असे एकाच कागदावर येतात.

उत्तर ३ (शाहूपुरी, वकिली करतो)

सर, यात कायद्याची भर घालतो. आत्महत्येचा प्रयत्न हा जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम राहिलं नाही. पण कलम २२६ आलं : लोकसेवकाला कर्तव्य करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर १ वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. म्हणजे कायद्याने दुःखाने खचलेल्या माणसाला बाजूला काढलं आणि ऑफिसच्या दारात रॉकेल ओतून घेणाऱ्याला वेगळं धरलं. मला हे कलम फार अस्वस्थ करतं, कारण दारात आलेला माणूसही बहुतेक वेळा खचलेलाच असतो.

उत्तर ४ (हातकणंगले)

आमच्या भागात तिसराच अर्थ आहे. जैन घरात 'समाधिमरण' म्हणतात किंवा 'सल्लेखना'. श्वेतांबरांकडे 'संथारा'. म्हणजे व्रत घेऊन हळूहळू अन्नपाणी सोडत देह ठेवणं. आचार्य शांतिसागर महाराज आपल्या शेजारच्या भोज गावचे, त्यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. आमच्या आजीच्या पिढीला तो दिवस पाठ. याला कृपया इच्छामरण म्हणू नका. त्यात इच्छा सोडायची असते, मरणाचीसुद्धा. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने याला आत्महत्येच्या रांगेत बसवलं तेव्हा आमच्याकडे मूक मोर्चे निघाले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

उत्तर ५ (रंकाळा परिसर, नर्स)

मी वॉर्डातलं सांगते. तिथे यातला एकही शब्द कुणी उच्चारत नाही. नातेवाईक म्हणतात, 'सिस्टर, मशीन काढूया काय?' नाहीतर, 'आता घरला न्यावं म्हणतोय.' मग फॉर्मवर सही होते, सगळे म्हणतात 'डामा घेतला' (म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज), आणि अँब्युलन्स गावाकडे निघते. ही मरणाची मागणी नसते. उपचार थांबवायची मागणी असते. तुमच्या गोषवाऱ्यात हा फरक आलाच पाहिजे.

'दयामरण' हा शब्द मला नको वाटतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या वेळी तो घरोघरी गेला. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला, त्या १८ मे २०१५ ला गेल्या. मधली सगळी वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. त्यांच्या वतीने केलेली दयामरणाची विनंती सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नाकारली, ती या नर्सेसचं म्हणणं ऐकून. आम्हा नर्सेसना विचाराल तर दया तिथे रोजच्या अंग पुसण्यात होती, कूस बदलण्यात होती. मरणाला तो शब्द का द्यायचा?

उत्तर ६ (शाहूपुरी, वकिली करतो)

सिस्टर म्हणतात तीच कायद्याचीही रेघ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने आपल्याकडे उपचार थांबवणं मान्य झालं, आणि आधीच लिहून ठेवलेलं वैद्यकीय इच्छापत्रही. २४ जानेवारी २०२३ ला अटी सोप्या झाल्या : न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, डॉक्टरांची दोन मंडळं बघतात. शेजारच्या कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी परिपत्रकही काढलं. पण औषध देऊन मरण आणणं आपल्याकडे आजही गुन्हा आहे.

ब्रिटनचं विधेयक वेगळं. किम लेडबीटर या खासदारांनी ते अशासकीय विधेयक म्हणून मांडलं. इंग्लंड आणि वेल्समधला सज्ञान रुग्ण, सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित, दोन डॉक्टरांची तपासणी, मग तिघा तज्ज्ञांचं मंडळ. औषध रुग्णाने स्वतःच्या हाताने घ्यायचं, डॉक्टरने द्यायचं नाही. २० जून २०२५ ला ते कॉमन्समध्ये, म्हणजे तिकडच्या कनिष्ठ सभागृहात, ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर झालं आणि सप्टेंबरमध्ये लॉर्ड्समध्ये त्याचं दुसरं वाचन झालं.

म्हणून मी 'मरणासाठी वैद्यकीय मदत' असंच लिहीन. शब्द लांब आहे, पण कोण काय करतो ते त्यात स्पष्ट दिसतं. 'सहायित मृत्यू' सरकारी भाषांतरात येईल कदाचित, वाचनगटात कुणाला कळणार नाही. 'इच्छामरण' भीष्मांना राहू दे. उत्तरायणाची वाट बघत ते थांबले, त्यांना कुणी औषध दिलं नव्हतं.

प्रश्नकर्ती (राजारामपुरी)

सगळ्यांचे आभार. नवीन मसुदा : 'इंग्लंडमधल्या दंगली आणि त्यामागचा सामाजिक असंतोष यांवरील चर्चेत, तसेच असाध्य रुग्णाला मरणासाठी वैद्यकीय मदत देण्याच्या विधेयकावरील चर्चेत सदस्यांनी भाग घेतला.' पुढे तळटीप देऊन उपचार थांबवणं, समाधिमरण आणि निवेदनातलं इच्छामरण वेगळं काढते.

एक अडलंय. भाषणात पॅलिएटिव्ह केअर वारंवार येतं. 'उपशामक सेवा' लिहू का?

उत्तर ७ (रंकाळा परिसर, नर्स)

ताई, पॅलिएटिव्ह केअरच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ जोडा : आजार बरा होणार नसला तरी दुखणं, धाप आणि भीती कमी करणारी शुश्रूषा. 'उपशामक' म्हटलं तर नातेवाईकांना कळत नाही. 'दुखणं कमी करूया' म्हटलं की लगेच मान हलवतात.