अक्कलदाढ काढून तीन महिने होत आले, जबडा अजून दुखतोय. बेळगाव भागात कुणाला दाखवावं?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, शाळेत शिकवते. उजवीकडची खालची अक्कलदाढ मे महिन्याच्या सुट्टीत काढून घेतली. आडवी होती, म्हणून हिरडी कापून, थोडं हाड घासून, दाढेचे तुकडे करून काढावी लागली. टाके निघाले, वरून जखम भरली. आता गणपती तोंडावर आले तरी दुखणं काही पूर्ण जात नाही.

सकाळी उठले की कानाच्या पुढे जबडा आखडलेला असतो, भाकरीचा नीट घास घेता येत नाही. दिवसभर वर्गात बोललं की संध्याकाळी कानशिलापर्यंत जड ठणका येतो. आणि शेजारच्या दाढेला गार पाणी लागलं की सणक जाते.

जिथं दाढ काढली त्या दवाखान्यात परत गेले तर "शेजारच्या दाढेचं रूट कॅनल करून कॅप बसवू" म्हणाले. नवा एक्स-रे काढला नाही, दाढेला गार लावूनही बघितलं नाही. ती दाढ मला तरी धडधाकट दिसते. जिवंत दाढ पोखरायला मन तयार होत नाही, आणि खर्चही थोडका नाही. दुसऱ्या कुणाचं मत घ्यायचं तर बेळगावात कुठं जावं? की सरळ कोल्हापूर, धारवाड गाठावं? ज्यांना असं झालंय त्यांनी कृपा करून सांगा.

टिळकवाडीकर

ताई, याच्यासाठी बाहेरगावी जायची गरज नाही. बेळगावातच दोन दंत महाविद्यालयं आहेत: नेहरूनगरचं के.एल.ई.चं आणि बॉक्साइट रोडवरचं मराठा मंडळाचं. दोन्हीकडे पदव्युत्तर शिक्षण आहे, म्हणजे प्रत्येक विषयाचा वेगळा विभाग. खासगी दवाखान्यात एकच डॉक्टर सगळं बघतात. महाविद्यालयात दाढेची नस बघणारे वेगळे, जबड्याचे सर्जन वेगळे. सकाळी लवकर जा, वेळ लागतो. आधी शिकणारे डॉक्टर तपासतात, मग वरचे येतात. माझ्या आईला तिथं दोनदा तपासलं म्हणून ती वैतागली होती, पण दुसऱ्या तपासणीतच खरं कारण सापडलं.

जुना एक्स-रे मागून घ्या. दाढ काढायच्या आधीचा पूर्ण जबड्याचा ओ.पी.जी. असेल, तो तुमचा आहे, मागायला संकोच करू नका.

निपाणीचा दंतवैद्य

मी पंधरा-वीस वर्षं याच भागात दात बघतोय. तोंड न बघता निदान करता येत नाही हे आधी सांगतो. पण तुम्ही लिहिलंय त्यात दोन-तीन वेगवेगळी दुखणी एकत्र आलेली वाटतात, आणि रूट कॅनल त्यातल्या फार तर एकाचा इलाज आहे. कानापुढचा सकाळचा आखड रूट कॅनलनं जाणार नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

आधी जबडा. खालची आडवी दाढ काढताना तोंड बराच वेळ ताणून उघडं ठेवावं लागतं. शिवाय बधिर करायची सुई जिथं देतात तिथं चावण्याचा एक आतला स्नायू असतो, त्यालाही इजा होऊ शकते. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत तोंड कमी उघडणं बऱ्याच जणांना होतं. त्यापुढे राहिलं तर बहुतेक वेळा स्नायू आखडलेला असतो किंवा जबड्याचा सांधा दुखावलेला असतो. दुखरी बाजू वाचवायला माणूस एकाच बाजूनं चावतो, रात्री दात आवळतो, आणि दुखणं लांबत जातं. सकाळी जास्त, बोलल्यावर जास्त, हे स्नायूचंच लक्षण.

घरी करून बघा: आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये जातात का? मोठ्या माणसाचं तोंड साधारण 35 ते 50 मिलिमीटर उघडतं, म्हणजे तीन बोटं. दोनच जात असतील तर व्यायाम हवाच. ओल्या गरम फडक्यानं पंधरा-वीस मिनिटं शेक, मग सावकाश तोंड उघडणं-मिटणं, दिवसातून चार-पाच वेळा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. चकली, उसाचं कांडं, भाजलेले शेंगदाणे सध्या नकोत. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा.

आता शेजारची दाढ. अक्कलदाढ काढली की तिच्या पुढच्या दाढेच्या पाठीमागचं हाड आणि हिरडी बरेचदा खाली उतरलेली असते, मूळ उघडं पडतं. त्याला गार लागणं स्वाभाविक आहे. खड्ड्यात हाड भरायलाच तीन ते सहा महिने लागतात. सणक गार गेल्याबरोबर थांबत असेल तर नस जिवंत आहे, तिला वेळ द्या. पोटॅशियम नायट्रेट असलेली संवेदनशील दातांची पेस्ट रोज लावा. तिचा गुण दिसायला काही आठवडे जातात. पण गार काढून घेतल्यावरही कळ अर्धा मिनिट, मिनिटभर रेंगाळत असेल, रात्री आपोआप ठणका लागून झोपमोड होत असेल, किंवा दाढेवर टिचकी मारल्यावर दुखत असेल, तर नस सुजलीय असं समजायचं. तेव्हा रूट कॅनलचा विचार योग्य. हे ठरवायला गार स्प्रेची तपासणी आणि त्या एकाच दाढेचा छोटा एक्स-रे पुरतो. दोन्ही न करता कॅप सांगितली असेल तर दुसरं मत घ्यायचा तुमचा निर्णय बरोबर आहे.

कुठल्या विभागात जायचं ते विचाराल तर आधी ओरल मेडिसिन. ते कारण शोधतात, मग गरजेप्रमाणे सर्जनकडे किंवा रूट कॅनलवाल्यांकडे पाठवतात.

अथणीकडचा

डॉक्टरांचं पटलं, पण एक बाजू मांडतो. माझ्या बाबतीत रूट कॅनल खरंच लागलं. अक्कलदाढ पुढच्या दाढेवर वाकून टेकलेली होती, मध्ये वर्षानुवर्षं अन्न अडकून पुढची दाढ पाठीमागून किडली होती. आरशात काहीच दिसत नव्हतं, एक्स-रेत दिसलं. म्हणून "दाढ धडधाकट दिसते" एवढ्यावर राहू नका ताई. फोटो काढाच.

निपाणीचा दंतवैद्य

अगदी बरोबर. आडव्या अक्कलदाढेत ही लपलेली कीड बरेचदा सापडते. म्हणूनच एक्स-रेशिवाय हो पण नाही आणि नको पण नाही.

चंदगडी

माझं दुखणं वेगळं होतं, तरी लिहितो, कुणाला उपयोग होईल. दाढ काढल्यावर खालचा ओठ आणि हनुवटी अर्ध्या बाजूनं बधिर राहिली. दाढी करताना कळायचंच नाही. नंतर मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी घाबरलो, पण बेळगावच्या सर्जननी सांगितलं की मुंग्या येणं म्हणजे नस जागी होतेय. हळूहळू बरंच परत आलं. आमच्याकडून बेळगाव जवळ म्हणून तिकडे गेलो. गोव्यात बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे, तोही पर्याय आमच्या भागातले लोक धरतात.

ताई, तुमचा ओठ, जीभ ठीक आहे ना?

निपाणीचा दंतवैद्य

चांगला प्रश्न. खालच्या अक्कलदाढेच्या मुळाशी ओठ-हनुवटीची नस जाते आणि आतल्या बाजूनं जिभेची. बधिरपणा बहुतेकांचा काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत उतरतो, कायमचा राहणं विरळ. पण पूर्ण बधिर असेल आणि तीन महिन्यांतही काहीच फरक नसेल तर सर्जनला दाखवायला उशीर करू नये. विजेसारखे झटके किंवा सतत जळजळ असेल तर ते नसेचं दुखणं. त्याला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या लागू पडत नाहीत, औषधं वेगळी असतात आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायची.

हिंडलग्याची सून

आमच्या सासूबाई लवंगेचं तेल कापसावर घेऊन लावायला सांगतात. आणि माझे भाऊजी दुखलं की मेडिकलमधून गोळ्या आणतात, महिना झाला रोज चालू आहेत. हे चालतं का? त्यांचंही तोंड कमी उघडतं, पण त्यांनी दाढ काढलेली नाही, सुपारी-गुटखा मात्र रोजचा आहे.

निपाणीचा दंतवैद्य

लवंगेचं तेल उघड्या जखमेवर थेट ओतू नका, हिरडी भाजते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या निर्धोक. वेदनाशामक गोळ्या महिना महिना अजिबात नको; पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. बीपी, साखर किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आणखी धोका.

तुमच्या भाऊजींचं मला ताईंच्या दुखण्यापेक्षा तातडीचं वाटतं. सुपारी-गुटख्यानं गालाच्या आतली कातडी टणक होत जाते, तोंड उघडणं कमी होतं, तिखट सोसत नाही. या आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. गालात आत पांढरट पट्टे दिसतात का, जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिलीय का, हे या आठवड्यातच तपासून घ्या. बेळगावच्या सिव्हिलला दाखवा, कुठल्याही दंत महाविद्यालयात दाखवा, पण नेऊन आणा. ते स्वतःहून जाणार नाहीत. या भागात मी तरुण पोरं बघतोय, ज्यांच्या तोंडात एक बोटही धड जात नाही. फार वाईट वाटतं.

हिंडलग्याची सून

गाल आतून पांढरट आहे असं तेच म्हणत होते. सोमवारी घेऊन जातो आम्ही. आभारी आहे डॉक्टर.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ओठ आणि जीभ ठीक आहे. बोटं दोनच जातात, तिसरं अडतं.

काल रजा टाकून बेळगावला जाऊन आले. ओरल मेडिसिनमध्ये आधी एका शिकणाऱ्या मुलीनं तपासलं. हुक्केरी तालुक्यातली होती, मराठी-कन्नड दोन्हीत छान बोलली, सगळं लिहून घेतलं. गालाच्या मागच्या बाजूला बोट दाबलं आणि मी ओरडलेच. नेमकं तिथंच दुखत होतं. मग वरच्या मॅडम आल्या. दाढेला गार लावलं, सणक आली आणि लगेच गेली. टिचकीला दुखलं नाही. छोटा एक्स-रे काढला, कीड नाही. मागचं हाड थोडं उतरलेलं आहे, ते भरत येतंय म्हणाल्या. सध्या रूट कॅनल नाही. स्नायूंसाठी तोच शेक, तोच व्यायाम, थोडे दिवस औषध, आणि रात्री दात आवळते की काय ते बघून गरज पडली तर दातांवर चढवायची पट्टी. दीड महिन्यानं परत बोलावलंय.

एक विचारायचं राहिलं. खड्ड्याच्या जागी अजून खोलगट आहे, भात आणि मेथीच्या काड्या तिथं जाऊन बसतात. काडीनं काढू का?

निपाणीचा दंतवैद्य

वाचून बरं वाटलं. काडी, पिन, सेफ्टी पिन काही घालू नका. औषधाच्या दुकानात सुई नसलेली सिरिंज मिळते, तिच्यात कोमट पाणी भरून जेवणानंतर हलक्या हातानं खोलगटात सोडा, अन्न बाहेर येतं. ब्रश शेजारच्या दाढेच्या पाठीमागून फिरवा, लहान मुलांचा छोट्या तोंडाचा ब्रश तिथं पोचतो. तिथून टोकदार काही हिरडीतून डोकावलं तर हाडाची कपची असू शकते, ती उपटू नका, दाखवा. आणि सूज, ताप, पू, गिळायला त्रास किंवा जबड्याखाली टणक फुगवटा, यातलं काहीही आलं तर दीड महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

टिळकवाडीकर

ताई, परत जाताना कालचा एक्स-रे आणि जुना ओ.पी.जी. दोन्ही न्या. शेजारी शेजारी ठेवून बघितले की हाड किती भरलं ते त्यांना लगेच कळेल.