शिबिराला बायका येत नाहीत. 'डिझाइन थिंकिंग'चा खरंच काही उपयोग होईल का?

बालाघाटची_कार्यकर्ती

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत मी नऊ वर्षं काम करते. आम्ही सगळे मिळून सात जण. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात, त्या पाडव्याच्या आसपास परततात. गेले दोन हंगाम आम्हीही त्यांच्या मागे जातो. तळावर, म्हणजे त्यांच्या मुक्कामाच्या जागी, बायकांचं हिमोग्लोबिन तपासायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, गरोदर बायकांची नोंद ठेवायची, एवढंच काम.

अडचण अशी की बायका येतच नाहीत. गेल्या हंगामात एका तळावर सव्वाशे कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, होत्या. सकाळी ११ वाजता टेबल मांडलं, तालुक्याहून डॉक्टर आणले, चारपर्यंत बसलो. आल्या १९ जणी. त्यातल्या सहा तर नातवंडं सांभाळायला आलेल्या म्हाताऱ्या. मग पत्रकं छापली, टोळ्या आणणाऱ्या मुकादमांकरवी निरोप दिले, जीपवर भोंगा लावून फिरवला. पुढच्या खेपेला २३.

आता आम्हाला निधी देणाऱ्या कंपनीने नव्या प्रस्तावात एक रकाना घातला आहे: 'डिझाइन थिंकिंगवर आधारित नवोपक्रम'. म्हणजे वापरणाऱ्या माणसाला आधी समजून घ्यायचं आणि छोटं काही करून बघत उपाय घडवायचा, अशी पद्धत. त्यासाठी पुण्यात दोन दिवसांची कार्यशाळाही झाली. रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. प्रत्येक गटाने एक काल्पनिक लाभार्थी तयार करायची होती. आमच्या गटाने 'ऊसतोड करणारी, वय ३२' अशी बाई घडवली, तिच्या आवडीनिवडी लिहिल्या, नेटवरून फोटो काढून लावला. मला फार अवघडल्यासारखं झालं. ज्यांची नावं मला पाठ आहेत त्या तिकडे उसाच्या फडात होत्या आणि मी इथे बसून एक खोटी बाई रंगवत होते. शेवटी आमच्या गटाची कल्पना म्हणून 'आरोग्य कार्डाचं ॲप' निवडलं गेलं. घरात फोन असलाच तर तो नवऱ्याच्या खिशात असतो, हे मी सांगितलं. त्यावर 'या टप्प्यावर कुठलीच कल्पना नाकारायची नसते' असं उत्तर मिळालं.

प्रस्ताव द्यायला दोन महिने आहेत. ज्यांनी ही पद्धत खरोखर वापरली आहे त्यांनी सांगा. यात आमच्यासारख्यांसाठी काही आहे का?

---

प्रस्तावलेखक_नाशिक

ताई, पंधरा वर्षं संस्थांचे प्रस्ताव लिहितोय, म्हणून स्पष्ट बोलतो. असे शब्द दर चार-पाच वर्षांनी बदलतात. गृहभेटींना 'एम्पथी' म्हणा, एका तळावर करून बघण्याला 'प्रोटोटाइप' म्हणा, रकाना भरून टाका. निधी हातात पडला की काम आपल्या पद्धतीने करा. पगार थांबले तर सात घरांचा प्रश्न आहे, तो आधी बघा.

---

निवृत्त_डिझायनर

वरच्या भावांची पगाराची काळजी रास्त आहे. पण नुसता रकाना भरलात तर पुढच्या हंगामात पुन्हा २३ जणीच येतील. मी औद्योगिक डिझाइन शिकलो आणि नोकरीची शेवटची १४ वर्षं संस्थांबरोबर काम केलं. जे पटलं तेवढंच लिहितो.

तुमच्या कार्यशाळेत पद्धतीचा गाभाच वगळला गेला. टिम ब्राउन आणि जोसलिन व्यॅट यांनी २०१० मध्ये सामाजिक संस्थांसाठी या विषयावर एक लेख लिहिला. त्याची सुरुवातच हैदराबादजवळच्या एका बाईपासून होते. घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर शुद्ध पाण्याचं केंद्र आहे. पाणी चांगलं आहे, परवडणारं आहे, तिलाही ते ठाऊक आहे. तरी ती बोअरचंच पाणी आणते आणि घरातले अधूनमधून आजारी पडतात. का? केंद्राचा कॅन सुमारे १९ लिटरचा आणि चौकोनी. भरला की तो ना कमरेवर बसतो ना डोक्यावर. नवरा कामावरून येतो तेव्हा केंद्र बंद झालेलं असतं. वर कार्ड महिन्याचं, रोज एक कॅन उचलायचाच, गरज असो नसो. पाणी शुद्ध करण्याचा सगळा विचार झाला होता. ते घरी कोण आणि कसं नेणार, हे तिच्याबरोबर चालून पाहिल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून जवळचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आदिवासींना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात असतात, आमच्याकडे पांढऱ्यात मेलेल्या माणसाला गुंडाळतात. आणि नातेवाइकांना आत येऊ देत नाहीत. म्हणून 'सर्च'च्या शोधग्राम या वसाहतीतलं रुग्णालय गावासारखं झोपड्यांचं झालं, नातेवाइकांसह राहता येईल असं, आणि नाव दिलं दंतेश्वरी देवीचं. तिथे कुणी चिठ्ठ्या चिकटवल्या नव्हत्या.

त्यांचंच दुसरं एक साधन मला डिझायनर म्हणून फार मोलाचं वाटतं. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात. गावातल्या सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. दहापर्यंत येत होतं. मग मण्यांची पाटी आणि सोबत एक मिनिटाची वाळूची घटिका असं साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया. सुइणीला जेवढं येत होतं त्यावरच साधन उभं केलं. मला कुणी डिझाइन म्हणजे काय विचारलं तर मी ही पाटी दाखवतो.

उलटं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या 'प्लेपंप'चं. मुलं चक्रावर खेळतील आणि पाणी वर चढेल, अशी कल्पना. देणगीदारांना ती इतकी भावली की २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी दीड कोटीहून अधिक डॉलर जाहीर झाले. प्रत्यक्षात मुलं दमायची आणि ते जड चक्र बायकांना हाताने फिरवावं लागायचं. तुमच्या ॲपचं असंच होण्याची मला भीती आहे.

तर आता काय करायचं? टेबल न घेता, डॉक्टर न घेता, दोघी जणी दोन रात्री तळावर राहा. एका बाईबरोबर तिच्या उठण्यापासून झोपेपर्यंत राहा. 'शिबिराला का येत नाही' असं थेट विचारू नका, भिडेपोटी गोड उत्तर मिळतं. तिच्या दिवसात दहा मिनिटं कुठे रिकामी असतात ते शोधा. आणि ज्या १९ जणी आल्या त्यांना भेटून विचारा, तुम्हाला यायला कसं जमलं? प्रस्तावात पहिले दोन महिने नुसतं पाहण्या-ऐकण्याचे लिहा आणि आराखडा बदलायला थोडे पैसे राखून ठेवा. निधी देणाऱ्यांशी भांडायचं असेल तर त्या पैशांसाठी भांडा.

---

सिस्टर_कोल्हापूर

मी तळांवर लसीकरण केलेलं आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. सकाळी ११ ला तळावर बायका नसतातच हो, पहाटेच फडात गेलेल्या असतात. एखादी थांबली तर तिच्या कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. दुसरं म्हणजे रक्ताची भीती. एक जण मला म्हणाली होती, 'आधीच अंगात रगत न्हाई म्हणताय आन् वर काढताय, उद्या मोळी कशी उचलू?' बोटाला टोचून एक थेंब पुरतो, हे आधी मी स्वतःच्या बोटाला टोचून दाखवायचे. मग त्या हात पुढे करायच्या.

---

बालाघाटची_कार्यकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आम्ही खरंच जाऊन राहिलो. मी आणि आमची नर्स, दोन रात्री, एका ओळखीच्या बाईच्या कोपीत.

ती साडेतीनला उठली. चूल पेटवली, दोन वेळच्या भाकरी थापल्या, धाकट्याला झोपेतच पाजलं आणि पाचच्या आत आम्ही फडाच्या वाटेला लागलो होतो. नवरा तोडत होता, ती उसाचा पाला साळून मोळ्या बांधत होती. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना तिने एकदा पोटाला हात लावला. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही. परत आलो तेव्हा चार वाजले होते. मग पाणी. तळाला एकच नळ, तोही तासभर. घागरी रांगेत लावून बायका तिथेच बसतात. मी घड्याळ लावून पाहिलं, तिला ४० मिनिटं थांबावं लागलं. दिवसभरात तेवढाच वेळ ती बसलेली दिसली.

तिथेच, घागरीवर हात ठेवून, शेजारची एक जण मला म्हणाली, "ताई, तुमचं टेबल मुकादमाच्या खोलीपुढं. तिथं बसून मी कुठं दुखतंय ते सांगू?"

त्या खोलीपुढे सावली होती आणि वीज होती, म्हणून दोन हंगाम आम्ही तिथेच बसलो. ज्याच्याकडून नवरा-बायकोने उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली आहे त्याच्या दारात तिने आपली पाळी, आपलं अंगावरून जाणं सांगावं, अशी आमची अपेक्षा होती. निरोपही त्याच्याच तोंडून. नऊ वर्षं या कामात असून हे माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. त्या रात्री झोप लागली नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही नळाजवळ दोन बांबू रोवून जुन्या साड्यांचा आडोसा केला. आत दोन स्टुलं, एक बॅटरी. सिस्टर, तुम्ही म्हणालात तसं आधी आमच्या नर्सने स्वतःच्या बोटाला टोचलं. पहिल्या संध्याकाळी ३१ जणी आल्या, दुसऱ्या संध्याकाळी ४४. रांगेतला नंबर जाऊ नये म्हणून त्याच एकमेकींच्या घागरी पुढे सरकवत होत्या. पोटाला हात लावणारीही आत आली. तिला तिसरा महिना होता आणि आमच्या वहीत तिची नोंद नव्हती.

नाशिकच्या दादा, रकाना मी भरला, पण ॲप काढून टाकलं. निधी देणाऱ्या कंपनीतल्या मॅडमशी फोनवर अर्धा तास बोलले. त्यांनी आडोशाचा फोटो मागितला आणि 'हे किती तळांवर करता येईल' असं विचारलं. सगळ्या तळांना नळ नाही, काही ठिकाणी टँकर येतो आणि त्याची वेळ ठरलेली नसते, हे मी सांगून ठेवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.

आता गोळ्यांचं अडलंय. पहाटे उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि फडात उलटी झाली तर काम थांबतं. चहाबरोबर घेतात, पण मग लोह अंगी लागत नाही. रात्री जेवून घ्या म्हटलं तर भांडी घासेपर्यंत डोळे मिटलेले असतात. शिवाय कोपीत दव उतरतं, कागदी पुड्या ओल्या होतात. एकीने गोळ्या मिठाच्या डब्यात ठेवल्या होत्या, कारण तो डबा ती रोज न चुकता उघडते. पुढच्या सोमवारी पुन्हा जातोय. कुणी यावर काही करून पाहिलं असेल तर त्याआधी लिहा.

---

सिस्टर_कोल्हापूर

झाकण घट्ट बसणारी छोटी डबी द्या, ती मिठाच्या डब्याशेजारी ठेवायला सांगा. दुपारची भाकरी फडातच खातात ना? गोळी त्या फडक्यात बांधून द्यायला जमतंय का, ते चार जणींना विचारून बघा.